दुव्यांची साक्ष

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून एकाच विषयावरचे दोन निबंध बाहेर पडले. पहिला 'पेजरँक' नावाच्या मोजमापाविषयीचा अहवाल. त्याचे लेखक लॅरी पेज, सर्गेई ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड. दुसरा पेज आणि ब्रिन या दोघांचा, एका मोठ्या शोधयंत्राची रचना उलगडून सांगणारा. त्या वेळी हे यंत्र सुमारे २ कोटी ४० लाख पानांवर चालत होते आणि त्याचे नाव होते गूगल. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, निबंध मात्र फारसे कोणी वाचत नाही.

आम्ही ते अलीकडे पुन्हा वाचले, त्याला कारण शिक्षकांचे प्रश्न. शाळेचे संकेतस्थळ सुरू केले की दोन प्रश्न हमखास येतात. आमच्या पानांवर किती लोक येतात हे खरेखुरे कसे कळेल? आणि शोधयंत्रात आमचे पान वर कसे येईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पैसे घेऊन देणारा 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' नावाचा व्यवसायच आज उभा आहे. त्यात सचोटीने काम करणारे आहेत आणि गंडवणारेही आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघांतला फरक चटकन कळत नाही. या दोन्ही प्रश्नांची मुळे वरील निबंधांत आहेत. त्यांत एक बाजू कच्ची राहिली, आणि तिचा त्रास आपण आजही सोसतो आहोत, असे आमचे मत झाले. ते का झाले हे येथे मांडतो.

आधी मूळ अडचण काय होती ते पाहू. त्यापूर्वीची शोधयंत्रे मुख्यतः शब्द मोजत. 'ग्रहण' हा शब्द ज्या पानावर अधिक वेळा आला, शीर्षकात आला, ते पान ग्रहणाविषयीचे असा हिशोब. ही गोष्ट पानांच्या मालकांना कळायला वेळ लागला नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द दोनशे वेळा लिहून ठेवायचा. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणारी, 'या पानाचे महत्त्वाचे शब्द' अशी एक यादी भरण्याची सोयही होती. ती पानाच्या मालकानेच भरायची. आपले प्रगतिपुस्तक आपणच लिहायचे ठरले तर काय होते हे शिक्षकांना सांगायला नको. ही यादी क्रम लावताना आम्ही पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. तरीही ती भरून देण्याचे पैसे घेणारे लोक त्यानंतरही होते.

पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला तो संशोधकांना ओळखीचा वाटावा असा होता. एखादे पान स्वतःविषयी काय म्हणते ते सोडून द्या. इतर पाने त्याच्याविषयी काय म्हणतात ते पाहा. शोधनिबंधांच्या जगात हे पूर्वीपासून चालत आले आहे. यूजीन गारफील्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची १९६४ पासून निघू लागली, आणि कोणत्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते मोजता येऊ लागले. सगळे संदर्भ सारखे नसतात, वजनदार नियतकालिकातून आलेल्या संदर्भाला अधिक वजन द्यावे, हा विचार पिन्स्की आणि नॅरिन यांनी १९७६ मध्ये गणिताच्या रूपात मांडला होता. पेजरँकने संदर्भाच्या जागी दुवा ठेवला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली. ज्याला वजनदार साक्षीदार अधिक, ते पान वजनदार.

हे डोळ्यांपुढे आणण्यासाठी लेखकांनी एका भटक्या वाचकाची कल्पना केली आहे. तो कोणत्याही पानावर असला की तेथील दुव्यांपैकी एखादा डोळे मिटून निवडतो आणि पुढे जातो. शंभरातून ८५ वेळा तो असे करतो. उरलेल्या १५ वेळा कंटाळून भलत्याच एखाद्या पानावर उडी मारतो. दीर्घकाळ भटकल्यावर तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल ते पान महत्त्वाचे. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. दुसऱ्या निबंधात दिलेले सूत्र फळ्यावर मांडण्याइतके सोपे आहे:

पानाचे वजन = ०.१५ + ०.८५ × (दुवा देणाऱ्या प्रत्येक पानाचे वजन भागिले त्या पानावरील एकूण दुवे, अशा भागाकारांची बेरीज)

जाता जाता एक गंमत. सर्व पानांच्या वजनांची बेरीज १ होते, असे निबंधात याच सूत्राखाली छापले आहे. ते बरोबर नाही. प्रत्येक पानावर निदान एक दुवा आहे असे धरले, तर या सूत्राने बेरीज पानांच्या संख्येइतकी येते, म्हणजे सरासरी वजन १ येते. दोन-तीन पानांचे उदाहरण घेतले तर दहावीचा विद्यार्थीही ही चूक पकडू शकेल. एवढ्या गाजलेल्या निबंधातील चूक पकडण्याचा आनंद वर्गाला जरूर द्यावा.

आता याच सूत्राने एक हिशोब करू. एका शाळेने ग्रहणावर चांगले पान तयार केले. सरासरी वजनाच्या, म्हणजे १ वजनाच्या, एका प्रामाणिक पानाने त्याकडे दुवा दिला. त्या प्रामाणिक पानावर असे १० दुवे आहेत. मग शाळेच्या वाट्याला आले ०.८५ × १ ÷ १० = ०.०८५. दुसरीकडे एका व्यापाऱ्याने एक रिकामे, टाकाऊ पान बनवले, ज्याच्याकडे जगातील कोणीही दुवा देत नाही. तरी त्याचे वजन शून्य नसते; सूत्रातले ०.१५ त्याला फुकट मिळतात. त्या पानावर एकच दुवा आहे, व्यापाऱ्याच्या दुकानाकडे नेणारा. दुकानाच्या वाट्याला आले ०.८५ × ०.१५ = ०.१२७५. म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही अशा साक्षीदाराची साक्ष, प्रतिष्ठित साक्षीदाराच्या साक्षीच्या दीडपट ठरली!

असे एक पान बनवता येते तशी शंभरही बनवता येतात. त्या शंभर पानांमुळे दुकानाचे वजन १२.९ होते. आता दुकानाच्या पानावरून त्या शंभर पानांकडे परतीचे दुवे दिले, आणि तेथून दुसरीकडे कोठेही दुवा ठेवला नाही, तर वजन आपसात फिरत राहते. समीकरण सोडवून पाहावे. उत्तर सुमारे ४६.५ येते. सरासरी पानाच्या ४६ पट वजन, आणि बाहेरच्या एकाही माणसाने साक्ष दिलेली नाही. अशा पानांच्या समूहाला पुढे 'लिंक फार्म', म्हणजे दुव्यांची शेती, असे नाव पडले.

लेखकांना हे दिसले नव्हते काय? दिसले होते, आणि टीका करताना हे सांगितलेच पाहिजे. पहिल्या अहवालात व्यापारी हितसंबंधांकडून होणाऱ्या फेरफारावर एक छोटा भागच आहे. भटका वाचक कंटाळल्यावर कोठे उडी मारतो यावर सारे अवलंबून आहे, हे त्यांनी ओळखले होते. तो जर नेहमी एकाच विश्वासू पानावर परत जात असेल, तर वरच्या शंभर टाकाऊ पानांना फुकटचे ०.१५ मिळत नाहीत आणि शेती सुकते. अशा रचनेत फेरफार जवळजवळ अशक्य आहे असा त्यांचा दावा आहे, आणि गणित म्हणून तो ठीक आहे. पण तो विश्वासू पत्ता कोणी ठरवायचा? अहवालात त्यांनी दोन पाने वापरून पाहिली. एक नेटस्केप कंपनीचे, दुसरे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांचे. जे पान घ्यावे त्याच्या शेजारची पाने वर येतात. म्हणजे फेरफार टळतो तो निवड करणाऱ्याच्या आवडीनिवडी सर्वांवर लादून. उलट, उडी सर्व सर्व्हरांच्या मुख्य पानांवर वाटून दिली, तर एखादा माणूस पुष्कळ सर्व्हर उभे करून ही पद्धत वाकवू शकेल, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्या, अधिक वाचल्या गेलेल्या निबंधात मात्र सर्व पानांना समान उडी देणारे सूत्रच छापले गेले.

आमचा खरा आक्षेप याच भागातील एका विधानावर आहे. फार तर काय होईल, कोणी महत्त्वाच्या पानांवर दुवे विकत घेईल. पण त्याला पैसे पडतात, त्यामुळे ते आटोक्यात राहील, अशा अर्थाचे ते विधान आहे. शास्त्रज्ञाने केलेले हे अर्थशास्त्र फारच भाबडे म्हटले पाहिजे. पैसे पडतात या गोष्टीने गरिबाला आवर बसतो, श्रीमंताला बसत नाही. मग शोधाच्या उत्तरात वर कोण येणार हे पानाच्या गुणावर ठरण्याऐवजी खिशावर ठरू लागते.

त्याहून खोल जाणारा मुद्दा साक्षीचा आहे. १९९६-९७ च्या सुमारास एखादा प्राध्यापक आपल्या पानावर दुवे देई, तेव्हा ते वाचकाच्या सोयीसाठी असत. ते कोणी मोजत आहे हे त्याला माहीत नव्हते. म्हणूनच त्या दुव्यांना साक्षीचे मोल होते. मोजणी सुरू झाली, आणि मोजणी होते हे सर्वांना कळले, की दुव्याचा स्वभाव बदलतो. आता तो यंत्राला दाखवण्यासाठी दिला जातो. लहान परीक्षानळीतील गरम पाण्यात जाड तापमापी बुडवली की पाणी थोडे निवते, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. पण तेथे तापमापीने किती उष्णता घेतली याचा हिशोब करून दुरुस्ती करता येते. येथे पाण्यालाच तापमापी वाचता येते! ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी याच जातीचे निरीक्षण नोंदवले होते. मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही, असे त्याचे सर्वसाधारण रूप मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये दिले. म्हणजे हे दोन निबंध लिहिले गेले तेव्हा हा विचार नवा नव्हता.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २००० पासून गूगलने ब्राउझरवर बसवायची एक पट्टी दिली होती. तीत प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० अशा आकड्यात दिसे. दुव्यांच्या बाजाराला भाव ठरवायला यापेक्षा सोयीचे काय हवे? सातच्या पानावरील दुव्याचा भाव वेगळा, चारच्या पानावरचा वेगळा. ही पट्टीवरची नोंद अखेर २०१६ मध्ये बंद करण्यात आली. २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून दुव्यावर लावायचा 'नोफॉलो' हा शिक्का आणला. त्याचा अर्थ एवढाच की हा दुवा आहे, पण ही माझी साक्ष नव्हे. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' हा वेगळा शिक्का आला. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ सूचीतून काढून टाकले, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे पान दाखवले जात होते. २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उघड केले. कपड्यांशी सुतराम संबंध नसलेल्या दोन हजारांच्या आसपास पानांवर त्या दुकानाचे दुवे पेरलेले आढळले, आणि त्यांच्या बळावर ते दुकान कित्येक शोधांत पहिले येत होते. कंपनीने आपल्याला कल्पना नव्हती असे सांगितले आणि हे काम सांभाळणाऱ्या संस्थेला काढले. २०११ आणि २०१२ मध्ये गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत 'पांडा' आणि 'पेंग्विन' या नावांचे दोन मोठे बदल केले, ते याच रोगावर.

दुसऱ्या निबंधाच्या अखेरीस जाहिरातींवर एक परिशिष्ट आहे. ते आज वाचताना चमत्कारिक वाटते. जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र वाचकाऐवजी जाहिरातदाराकडे झुकणार, असे त्यात पेज आणि ब्रिन यांनीच स्पष्ट म्हटले आहे. उदाहरणही बोलके आहे. त्यांच्या यंत्रात 'सेल्युलर फोन' असा शोध घेतला असता पहिले उत्तर आले ते गाडी चालवताना फोनमुळे लक्ष कसे विचलित होते याविषयीच्या अभ्यासाचे. फोन विकणाऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या यंत्राला असे उत्तर वर ठेवणे जड जाईल, असे ते म्हणतात. म्हणून निदान एक तरी शोधयंत्र पारदर्शक आणि विद्यापीठीय क्षेत्रात असावे, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने 'ॲडवर्ड्स' ही जाहिरातयोजना सुरू केली. टीकाकाराने आणखी काय लिहायचे?

आम्ही संशोधक मंडळींनी मात्र यात फार नाक वर करू नये. संदर्भ मोजण्याची पद्धत आमच्याच घरातली, आणि तिचे हाल आम्हीही केले आहेत. प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांची छाननी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. ८८ टक्क्यांच्या वर नियतकालिके दर्जाला उतरली नाहीत. दुव्यांची शेती आणि ही नियतकालिके यांत तत्त्वतः फरक नाही.

आता शिक्षकांचा पहिला प्रश्न, भेटींच्या मोजदादीचा. येथे फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त आहेत. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते तेथे प्रत्येक मागणीची एक ओळ नोंदवली जाते: मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, केव्हा आली, काय मागितले, ते मिळाले की नाही, किती बाइट पाठवले. बहुधा ब्राउझरचे नाव आणि वाचक कोणत्या पानावरून आला तेही असते. (या शेवटच्या रकान्याला 'रेफरर' म्हणतात. इंग्रजी शब्दातला एक 'आर' १९९० च्या दशकात मसुदा लिहिताना गळाला, तो आजतागायत तसाच गळालेला आहे.) ग्रहणाच्या पानावर १४ चित्रे असतील, तर एका वाचकाच्या एका भेटीत अशा १५ ओळी पडतात. या ओळींना 'हिट' म्हणतात. 'आमच्या संकेतस्थळाला लाखो हिट' असे कोणी अभिमानाने सांगू लागले, तर पानावर चित्रे किती आहेत एवढेच विचारावे. शिवाय त्या ओळींतील बऱ्याचशा माणसांच्या नसतात. शोधयंत्रांचे यंत्रमानव रात्रंदिवस पाने वाचत फिरतात, त्यांच्याही ओळी तेथेच पडतात.

मग माणसे मोजावी म्हटले, तर माणूस ओळखायचा कशावरून? आयपी पत्त्यावरून म्हणावे, तर शाळेच्या संगणककक्षातील वीस संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्यावर दिसतात. कुकीवरून म्हणावे, तर कुकी माणसाला चिकटत नाही, ब्राउझरला चिकटते. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती आणली, तेव्हाही तिचे काम एवढेच होते की सर्व्हरला आधीच्या भेटीची आठवण राहावी. एका संगणकावर पाळीपाळीने बसलेली चाळीस मुले कुकीच्या हिशोबी एक वाचक. आणि शाळेत, घरी व फोनवर तेच पान उघडणाऱ्या एकट्या बाई तीन वाचक. दोन्ही चुका एकमेकींना छेदतील असे मानायला काही आधार नाही.

वेळेच्या मोजमापाची कथा आणखी मजेदार आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीत, पानावर घालवलेला वेळ म्हणजे एक पान उघडल्यापासून पुढचे पान उघडेपर्यंतचा काळ. पुढचे पान उघडलेच नाही तर? तर वेळ शून्य, आणि ती भेट 'बाउन्स', म्हणजे आल्यापावली परत गेलेल्या वाचकाची. एखाद्या मुलीने ग्रहणाचा धडा वीस मिनिटे मन लावून वाचला, वहीत आकृती काढली आणि संगणक बंद केला, तर अहवालात तिची नोंद वाया गेलेली भेट म्हणून होई. दुसऱ्या मुलाने काही न सापडल्याने वैतागून सात पाने उलटीपालटी केली, तर तो उत्तम वाचक! हा अहवाल पाहून कित्येकांनी आपला एक लेख सहा पानांत तोडून 'पुढे वाचा'ची बटणे लावली. आकडे सुधारले, वाचणे अवघड झाले. जुलै २०२३ मध्ये ती पद्धत बंद झाली. तिच्या जागी आलेल्या पद्धतीत दहा सेकंदांहून जास्त टिकलेली भेटही गुंतलेल्या वाचकाची धरतात. हे आधीच्याहून बरे आहे. पण दहा सेकंदांत ग्रहण समजते असे कोणी समजू नये. गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट झाली आहे. शोधयंत्रे उत्तराचा सारांश स्वतःच तयार करून आपल्याच पानावर दाखवतात. भारतात ही सोय २०२४ पासून आहे. मजकूर तुमचा, वाचक त्यांचा, आणि तुमच्या मोजदादीत काहीच नाही.

शाळेच्या बाबतीत मोजणीची आणखी एक बाजू आहे. बाहेरच्या कंपनीचा माग ठेवणारा तुकडा पानात बसवला, की मुलांच्या भेटींची माहिती त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास मनाई करणारी तरतूद आहे; काही अपवाद सरकार ठरवू शकते. आमच्या मते शाळेला अपवादाची वाट पाहण्याचे कारणच नाही. सर्व्हरची स्वतःची नोंदवही पुरेशी आहे. कोणती पाने मुळीच उघडली जात नाहीत, कोणते दुवे तुटले आहेत, परीक्षेच्या आधी कशाला मागणी येते, हे तिच्यातून कळते. आकडा दर महिन्याला त्याच रीतीने काढला, तर तो खरा नसला तरी तुलनेला उपयोगी पडतो. वर्गातील तापमापी अर्ध्या अंशाने चुकत असली तरी ताप चढला की उतरला हे ती सांगतेच.

राहिला प्रश्न पान वर आणण्याचा, आणि त्यात प्रामाणिक काय याचा. शोधयंत्र जगात नसते तरी आपण हे केले असते का, ही एक कसोटी आम्हाला बरीचशी पुरते. पानाला 'मुख्यपृष्ठ' ऐवजी 'चंद्रग्रहण कसे होते' असे शीर्षक देणे, लेखात उपशीर्षके घालणे, चित्राखाली ते कशाचे आहे हे लिहिणे, तुटलेले दुवे दुरुस्त करणे, ज्या दुसऱ्या शाळेचे पान खरोखर चांगले आहे तिकडे दुवा देणे: हे सर्व वाचकासाठी केले असतेच, आणि यंत्रालाही तेच लागते. चित्राचे शब्दांतील वर्णन तर आधी अंध वाचकाच्या उपयोगाचे आहे. काही गोष्टी मात्र निव्वळ यंत्रासाठी असतात, तरी त्यात खोटे नसते. कोणती पाने वाचावी वा वाचू नयेत हे यंत्रमानवांना सांगणारी 'रोबोट्स' फाइल मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. पानांची यादीही अशीच देता येते. गूगलचे 'सर्च कन्सोल' हे साधन मोफत आहे, आणि लोक कोणते शब्द टाइप करून आपल्या पानापर्यंत पोचले ते त्यात दिसते. ते जरूर पाहावे. लोक 'खग्रास' शोधत असतील आणि आपण कोठेच तो शब्द लिहिला नसेल, तर तो लिहिणे ही लबाडी नव्हे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावे. क्रम त्याच्या हातात नसतो, आणि असल्यासारखा तो दाखवत असेल तर कोठेतरी शंभर टाकाऊ पाने आहेत असे समजावे.

मराठी पानांच्या बाबतीत याहूनही प्राथमिक काम बाकी आहे. १९९० आणि २००० च्या दशकांत कित्येक मराठी संकेतस्थळे खास फाँटांवर चालत. डोळ्यांना देवनागरी दिसे, पण आत साठवलेली चिन्हे रोमन अक्षरांची असत. अशा पानावर 'ग्रहण' हा शब्द शंभरदा असला तरी शोधयंत्राच्या लेखी एकदाही नसे. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, तरी शाळांचे जुने अंक, प्रश्नसंच, प्रयोगांच्या पुस्तिका अजून त्या फाँटांत किंवा नुसत्या छायाचित्रांच्या रूपात पडून आहेत. युनिकोडमध्ये आल्यावरही भानगडी संपत नाहीत. 'सूर्याच्या', 'ताऱ्याच्या' या शब्दांतील दुसऱ्यातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एकीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, तर दुसरीत 'ऱ' आणि हलन्त. दिसायला सारखे, पण यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'स्वतः' आणि 'दुःख' यांतील विसर्गाच्या जागी कोलन टंकण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. एका शाळेचे एक वर्षाचे साहित्य घेऊन आठवी-नववीच्या मुलांनी ते युनिकोडमध्ये आणले, अर्धे र एकसारखे केले आणि कोलन काढून विसर्ग घातले, तर सुटीतल्या दोन आठवड्यांचे काम आहे.